झेब्रा माशाची जननग्रंथी: अंड्यापासून स्लाइडपर्यंतचा अभ्यास कसा करावा

कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला माशांच्या जननग्रंथीची ओळख बहुधा पूर्ण वाढलेल्या माशापासून होते. बाजारातून आणलेल्या माशाचे पोट उघडून अंडाशय काढायचा, त्याचे वजन करायचे, शरीराच्या वजनाशी त्याचे प्रमाण मांडायचे आणि त्यावरून विणीचा हंगाम सांगायचा, हा प्रात्यक्षिकातला नेहमीचा भाग आहे. तो अंडाशय मुळात घडला कसा आणि त्याच जागी वृषण का घडले नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच हाताळला जातो, कारण त्यासाठी काही मिलिमीटर लांबीची पिल्ले स्वतः वाढवून त्यांचे काप घ्यावे लागतात. हे काम वाटते तितके अवघड नाही. सूक्ष्मदर्शक, मायक्रोटोम (अतिशय पातळ काप घेणारे यंत्र) आणि दोन-तीन महिने नियमित लक्ष देण्याची तयारी असलेल्या कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ते करता येते. ज्यांनी हे कधीच केलेले नाही, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: मासा निवडणे

लहान गोड्या पाण्यातला मासा म्हटले की आपल्याकडे आधी गप्पी मासा आठवतो, कारण हिवताप विभागाकडून तो सहज मिळतो आणि पाण्याच्या हौदात आपोआप वाढतो. परंतु गप्पी पिल्लांना जन्म देतो आणि जननग्रंथीच्या घडणीचा महत्त्वाचा भाग मादीच्या पोटातच उरकतो, त्यामुळे घडणीचा क्रम दिवसागणिक पाहण्यासाठी तो सोयीचा नाही. जपानी मेडाका माशात नराच्या वाय गुणसूत्रावरील डीएमवाय हे जनुक लिंग ठरवते, असे २००२ मध्ये दाखवले गेले. तिथे कारण आणि परिणाम यांची जोडी सरळ लागते, पण तो मासा आपल्याकडे सहजी मिळत नाही.

झेब्रा मासा मात्र भारतीय उपखंडातलाच आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील मासे नोंदवताना त्याचे वर्णन केले, आणि पुढे जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात त्याला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत आणले. आज मत्स्यालयाच्या दुकानात तो थोड्या पैशांत मिळतो. त्याची अंडी शरीराबाहेर फलित होतात, पिल्ले पारदर्शक असतात आणि सुमारे तीन महिन्यांत मासा प्रजननक्षम होतो.

त्याचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. या माशाच्या प्रत्येक पिल्लात, मग ते पुढे नर होणार असो वा मादी, आधी अपक्व अंडाशयासारखी ग्रंथी तयार होते. त्यातील काही पिल्लांत ती तशीच वाढत जाऊन खरा अंडाशय बनते. उरलेल्यांत कोवळ्या अंडपेशी मरतात, त्यांचे अवशेष शोषले जातात आणि त्याच ग्रंथीचे वृषण होते. नेहमीच्या प्रयोगशाळेतील वाणांत लिंग ठरवणारे एकच ठळक गुणसूत्र सापडत नाही. रानातून आणलेल्या वाणांत मात्र चौथ्या गुणसूत्रावर लिंगाशी जोडलेला भाग असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि तिथली मांडणी पक्ष्यांसारखी, म्हणजे मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड, अशी आहे. दुकानातील माशांचे कुळ आपल्याला माहीत नसते. म्हणून एका जोडीच्या पिल्लांत नरांचे प्रमाण जास्त आणि दुसऱ्या जोडीच्या पिल्लांत मादींचे जास्त, असे घडणे अगदी शक्य आहे, आणि याच कारणासाठी प्रत्येक जोडीची पिल्ले वेगळी ठेवावीत, त्यांची मिसळ करू नये. चमकदार रंगांचे जे झेब्रा मासे दुकानात दिसतात ते टाळावेत. साधे निळ्या पट्ट्यांचेच घ्यावेत.

दुसरी पायरी: परवानगी

झेब्रा मासा हा पृष्ठवंशी प्राणी आहे. मासे आणण्यापूर्वीच संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीकडे अर्ज करावा आणि त्यात किती पिल्ले, कोणत्या वयाची, कोणत्या पद्धतीने मारली जाणार हे स्पष्ट लिहावे. परवानगी मिळेपर्यंत टाक्या आणि पाणी तयार करण्याचे काम हाती घेता येते.

तिसरी पायरी: पाणी, ऊब आणि उजेड

नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी ते उघड्या भांड्यात हवेचा पंप लावून किमान चोवीस तास ठेवावे, किंवा सोडिअम थायोसल्फेट वापरावे. सामू ७ ते ७.५ च्या आसपास असावा. अमोनिया मोजण्याचा साधा संच दुकानात मिळतो. तो घ्यावाच, कारण पिल्ले मरण्याची बरीचशी प्रकरणे तिथेच उलगडतात.

तापमानाविषयी अधिक सांगणे आवश्यक आहे. जगभर हा मासा २८.५ अंश सेल्सिअसला वाढवतात, आणि पुस्तकातील प्रत्येक दिवसगणना त्याच तापमानाची असते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, तर एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या छताखालील खोली दुपारी सहज पस्तिशी ओलांडते. हिवाळ्यात पिल्लांची वाढ मंदावते आणि जननग्रंथीची घडण मागे पडते. उन्हाळ्यातील धोका अधिक गंभीर आहे, कारण घडणीच्या काळात पाणी ३५ ते ३६ अंशांवर राहिले तर नरांचे प्रमाण वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे हवामान नुसतेच पिल्लांना त्रास देत नाही, ते तुमचे उत्तरही बदलते. थर्मोस्टॅट असलेला हीटर प्रत्येक टाकीत असावा, तो आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर जोडावा, आणि कमाल-किमान दाखवणारा तापमापक पाण्यात ठेवून रोज सकाळी दोन्ही आकडे लिहावेत. माझ्या मते पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने अंडी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्यावीत. पावसाचा जोर ओसरलेला असतो, थंडी अजून यायची असते आणि खोलीचे तापमान फारसे वरखाली होत नाही.

दिवे चौदा तास सुरू आणि दहा तास बंद असावेत. यासाठी टायमर लावावा. माणसाच्या आठवणीवर हे सोपवू नये.

चौथी पायरी: अंडी मिळवणे

मादीचे पोट फुगीर व चंदेरी दिसते, नर सडपातळ असतो आणि त्याच्या पोटाकडील भागावर व गुदपरावर पिवळसर सोनेरी छटा असते. ही ओळख पूर्ण वाढलेल्या, खाऊनपिऊन धष्टपुष्ट असलेल्या माशांतच भरवशाची आहे. संध्याकाळी एक नर आणि एक मादी मध्ये पारदर्शक पडदा घालून एका छोट्या टाकीत ठेवावेत आणि सकाळी दिवे लागताच पडदा काढावा. अंडी पहिल्या तासा-दोन तासांत पडतात. मासे स्वतःची अंडी खातात, म्हणून तळाशी जाळी किंवा काचेच्या गोट्यांचा थर हवा. एका वेळी शंभर-दोनशे अंडी मिळणे सामान्य आहे. ती गाळून घ्यावीत, पांढरी पडलेली वेगळी काढावीत आणि उरलेली मेथिलिन ब्लूचे अगदी थोडे थेंब घातलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवावीत. फलित होण्याची वेळ लिहून ठेवावी, कारण पुढील सर्व वयांची मोजणी तिथून सुरू होते.

जननग्रंथीची कहाणी याच पहिल्या दिवशी सुरू होते. ज्या पेशींपासून पुढे अंडी किंवा शुक्रजंतू होणार, त्या आद्य जननपेशी अंड्यातच असलेल्या खास द्रव्याच्या वारशाने वेगळ्या पडतात, मग भ्रूणाच्या शरीरातून प्रवास करतात आणि साधारण चोवीस तासांत जननग्रंथीच्या भावी जागेजवळ पोहोचतात. त्यांची संख्या तेव्हा काही डझनांपुरती असते. ही संख्या पुढे फार महत्त्वाची ठरते: ज्या पिल्लांत जननपेशी कमी, त्यांचा कल नर होण्याकडे असतो, आणि प्रयोगाने त्या पूर्णपणे काढून टाकल्या तर सगळी पिल्ले वांझ नर होतात. गोल्डफिशमध्ये असे होत नाही. तिथे जननपेशी नसल्या तरी मादीची ग्रंथी मादीचीच राहते. एका माशाचा नियम दुसऱ्याला लावण्यापूर्वी हे उदाहरण जरूर आठवावे.

पाचवी पायरी: पिल्ले वाढवणे

दोन-तीन दिवसांत पिल्ले अंड्याबाहेर येतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यांच्या पोटातील हवेची पिशवी भरते, ती पोहू लागतात आणि तेव्हापासून त्यांना अन्न लागते. पहिल्या आठवड्यासाठी पॅरामेशिअम हा सूक्ष्म एकपेशीय जीव उत्तम. भाताची पिंजर पाण्यात उकळून, गार करून, त्यात पॅरामेशिअमचे विरजण घातले की काही दिवसांत भरपूर पीक येते. पिंजर मात्र फवारणी न झालेल्या शेतातली असावी, कारण कीटकनाशकाचा अंश या संपूर्ण प्रयोगालाच बाधा आणू शकतो. नवव्या-दहाव्या दिवसापासून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील चिमुकल्या कवचधारी जीवाची नुकतीच फुटलेली पिल्ले द्यावीत. उकडलेल्या अंड्यातील बलक अनेक जण देतात, परंतु तो पाणी लवकर नासवतो. मी तो टाळण्याचाच सल्ला देईन.

नवख्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होते, कारण पिल्ले वाढवणे त्यांना खऱ्या कामाची पूर्वतयारी वाटते. प्रत्यक्षात लिंगाचा निकाल याच दिवसांत लागत असतो. गर्दी, उपासमार, कमी प्राणवायू आणि जास्त ऊब यांमुळे नरांचे प्रमाण वाढू शकते. समजा एका टाकीत ऐंशी पिल्ले आहेत आणि दुसरीत तीस, आणि पहिलीत नर जास्त निघाले. तुम्ही पहिल्या टाकीत एखादे रसायन तपासत असाल, तर त्याचे कारण ते रसायन की टाकीतील गर्दी, हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून सर्व टाक्यांत सुरुवातीलाच पिल्ले मोजून सारख्या संख्येने सोडावीत, सारखे अन्न सारख्या वेळी द्यावे, आणि मेलेल्या पिल्लांची रोजची नोंद ठेवावी. एखाद्या टाकीतील निम्मी पिल्ले मेली असतील तर उरलेल्यांतील नर-मादी प्रमाणावरून निष्कर्ष काढू नये, कारण मेलेल्यांत नर किती आणि माद्या किती होत्या हे आपल्याला कधीच कळत नाही.

सहावी पायरी: नमुने केव्हा घ्यावेत

२८.५ अंशांना वाढवलेल्या पिल्लांसाठी १०, १५, २०, २५, ३०, ३५, ४५, ६० आणि ९० व्या दिवशी नमुने घेणे पुरेसे आहे. विसाव्या ते पस्तिसाव्या दिवसांदरम्यान शक्य असेल तर अधिक जवळजवळचे नमुने घ्यावेत, कारण अंडाशयासारख्या ग्रंथीचे वृषणात रूपांतर बहुधा याच काळात होते.

वय लिहिणे आवश्यक आहे, परंतु त्याहून महत्त्वाची लांबी आहे. एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच टाकीतील दोन पिल्लांपैकी एक आठ मिलिमीटरचे आणि दुसरे चौदा मिलिमीटरचे असू शकते, आणि त्यांच्या जननग्रंथी पूर्ण वेगळ्या अवस्थेत असतात. अवस्थेचा मेळ वयापेक्षा शरीराच्या वाढीशी चांगला बसतो. रूपांतराचा काळ साधारण १० ते १५ मिलिमीटर लांबीच्या पिल्लांत सापडतो. प्रत्येक पिल्लू तुंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजावे आणि हा आकडा त्याच्या नमुन्याच्या क्रमांकासोबत शेवटपर्यंत राहील अशी व्यवस्था करावी. तसेच जाळीत आधी येणारी पिल्ले बहुधा मोठी किंवा मंद असतात. त्यामुळे सगळी पिल्ले एका भांड्यात घेऊन त्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करावी.

समितीने मान्य केलेल्या पद्धतीनेच, उदाहरणार्थ सोडिअम बायकार्बोनेट घालून सामू सुधारलेल्या ट्रायकेन या भुलीच्या औषधाच्या जादा मात्रेत, पिल्लू पूर्णपणे मेल्याची खात्री करूनच पुढे जावे.

सातवी पायरी: स्थिरीकरण आणि काप

स्थिरीकरण म्हणजे पेशी कुजू न देता आहे त्या स्थितीत टिकवणे. बोइनचे द्रावण या कामासाठी चांगले: संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ भाग, फॉर्मॅलिन २५ भाग आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ५ भाग. कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते. बाटलीत ते नेहमी ओलेच असले पाहिजे आणि झाकणाच्या आट्यांवर सुकलेले स्फटिक दिसले तर ती बाटली उघडू नये. लहान पिल्ले शेपटी कापून अखंडच द्रावणात टाकावीत. मोठ्यांच्या पोटाला बारीक चीर द्यावी, म्हणजे द्रावण आत पोहोचते. चोवीस तासांनंतर ७० टक्के अल्कोहोल पुन्हा पुन्हा बदलून पिवळा रंग काढून टाकावा. त्यानंतर चढत्या अल्कोहोलमधून निर्जलीकरण, झायलीन आणि ५८ ते ६० अंशांवरील पॅराफिन, हा क्रम प्रत्येक प्रयोगशाळेत परिचित आहे.

जननग्रंथी हवेच्या पिशवीच्या खाली आणि आतड्याच्या वर, दोन्ही बाजूंना बारीक दोऱ्यासारख्या असतात. पिल्लू ब्लॉकमध्ये उभे ठेवून आडवे काप घेतले तर दोन्ही ग्रंथी एकाच कापात दिसतात, आणि नवख्याला त्या ओळखायला हीच दिशा सोपी जाते. काप ५ मायक्रोमीटर जाडीचे असावेत. पाच मिलिमीटरच्या धडाचे असे हजार काप होतात. ते सगळे रंगवण्याची गरज नाही, परंतु ग्रंथीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या अशा तिन्ही भागांतले काप पाहिल्याशिवाय अवस्था ठरवू नये, कारण रूपांतर सर्व भागांत एकाच वेळी होत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ब्लॉक मऊ पडून कापांची फीत चुरगळते. ब्लॉक बर्फावर ठेवून सकाळी लवकर काप घ्यावेत. पावसाळ्यात स्लाइड नीट वाळल्या नाहीत तर रंगवताना काप सुटून जातात, म्हणून त्या उबदार पाटावर रात्रभर ठेवाव्यात. रंगासाठी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन पुरेसे आहेत.

आठवी पायरी: सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते

दहाव्या दिवसाच्या आसपास ग्रंथीत मोजक्याच मोठ्या, गोल, फिकट केंद्रकाच्या जननपेशी आणि त्यांच्याभोवती चपट्या पेशी दिसतात. लिंगाचा कोणताही माग इथे नसतो. पंधरा ते पंचवीस दिवसांत कोवळ्या अंडपेशी दिसू लागतात, आणि त्या एकदा ओळखल्या की पुन्हा चुकत नाहीत: त्यांचा पेशीद्रव हिमॅटॉक्सिलिनने गडद निळा-जांभळा रंगतो, केंद्रक मोठे व फिकट असते आणि केंद्रकाच्या कडेला अनेक केंद्रिका माळेसारख्या लागलेल्या दिसतात. या टप्प्यावरच्या स्लाइडवर «मादी» असे लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहू नये. यातली अनेक पिल्ले पुढे नर होणार असतात.

रूपांतराच्या काळातील ग्रंथी ओळखणे हे या अभ्यासाचे हृदय आहे, आणि त्यासाठी घाई करू नये. अंडपेशी आक्रसलेल्या दिसतात, त्यांच्या पेशीद्रवाची निळाई जाऊन तो गुलाबी होतो, केंद्रक घट्ट होऊन तुटते, पेशींच्या जागी पोकळ्या पडतात आणि त्या पोकळ्यांमध्ये आधारपेशी शिरतात. याच ग्रंथीत कडेला लहान जननपेशींचे पुंजके वाढू लागलेले असतात. तेच पुढे वृषणातील पेशीकोष्ठ होतात. मरणाऱ्या अंडपेशी आणि हे पुंजके दोन्ही एकत्र दिसले तर ती ग्रंथी «रूपांतरित होणारी» अशी वेगळ्या गटात नोंदवावी. नुसत्या एक-दोन खराब अंडपेशींवरून हा निर्णय घेऊ नये, कारण मादीच्या निरोगी अंडाशयातही काही अंडपेशी मरतात, आणि स्थिरीकरण नीट झाले नसेल तर पेशी आक्रसल्यासारख्या दिसतात. शेजारच्या आतड्याच्या आणि यकृताच्या पेशी पाहाव्यात. त्याही आक्रसलेल्या असतील तर दोष तुमच्या द्रावणाचा आहे.

या रूपांतरामागील रसायन थोडक्यात असे आहे. ॲरोमाटेज हे विकर नरसंप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. ते तयार करणारे जनुक भावी मादीच्या ग्रंथीत सक्रिय राहते आणि नराच्या ग्रंथीत मंदावते, तर नराकडे डीएमआरटी-१ आणि एएमएच या जनुकांचे काम वाढते. ॲरोमाटेज रोखणारे औषध दिलेली पिल्ले बहुतांशी नर होतात. तिलापियाच्या शेतीत याच तत्त्वाच्या आधारे खाद्यातून मिथाइल टेस्टोस्टेरॉन देऊन केवळ नरांचे बीज तयार करतात.

पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत बहुतेक ग्रंथींचा निकाल स्पष्ट असतो. मादीत अंडपेशी वाढत १४० मायक्रोमीटरच्या पुढे गेल्या की पेशीद्रवाच्या कडेने रिकाम्या दिसणाऱ्या पिशव्या येतात, आणि सुमारे ३४० मायक्रोमीटरनंतर पीतक (अंड्यातील बलक) साठू लागतो, जो इओसिनने लालसर रंगतो. नरात पेशीकोष्ठांची रांग दिसते आणि प्रत्येक कोष्ठातील सर्व पेशी एकाच अवस्थेतल्या असतात. साठाव्या दिवसानंतर मध्यभागी गडद निळ्या ठिपक्यांसारखे शुक्रजंतू दाटलेले दिसू लागतात.

नववी पायरी: मोजणी

प्रत्येक पिल्लाची नोंद पाच गटांपैकी एकात करावी: अविभेदित, अंडाशयासारखी, रूपांतरित होणारी, अंडाशय आणि वृषण. स्लाइड पाहणाऱ्याला ती कोणत्या टाकीतली आहे हे माहीत नसावे. सहाध्यायी विद्यार्थ्याकडून स्लाइडवर सांकेतिक क्रमांक घालून घ्यावेत. सांख्यिकीत टाकी हे एकक धरावे. एका टाकीतील चाळीस पिल्ले म्हणजे चाळीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, कारण त्यांनी एकच पाणी, एकच ऊब आणि बहुधा एकच आईबाप वाटून घेतलेले असतात. प्रत्येक स्थितीसाठी किमान तीन टाक्या नसतील तर काय-वर्ग चाचणीचा आकडा कितीही आकर्षक आला तरी त्याचा आधार कच्चा राहतो. नर-मादी प्रमाण निम्मे-निम्मे निघाले नाही म्हणून प्रयोग बिघडला असेही मानू नये. या माशात ते घराण्यागणिक बदलते.

दहावी पायरी: पंचगंगेचे पाणी तपासायचे असेल तर

हा प्रश्न कोल्हापुरातील विद्यार्थ्याने विचारावा असाच आहे, आणि तो विचारला जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. सांडपाण्यातून येणारे इस्ट्रोजेनसारखे पदार्थ माशांच्या लिंगावर परिणाम करतात. गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल इस्ट्राडिऑल लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही झेब्रा माशांना मादीकडे झुकवते. परंतु त्याच नदीच्या पाण्यात सेंद्रिय कचऱ्यामुळे प्राणवायू कमी असू शकतो, आणि प्राणवायूची कमतरता झेब्रा माशात नरांचे प्रमाण वाढवते. दोन्ही परिणाम परस्परविरुद्ध दिशांनी ओढत असतील तर नर-मादी प्रमाण अगदी सामान्य दिसेल, आणि नदी निर्दोष आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

म्हणून नदीचे पाणी घेण्यापूर्वी स्वच्छ पाण्यातील एक संपूर्ण तुकडी अंड्यापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत वाढवून तिच्या सर्व अवस्था ओळखता येतात याची खात्री करावी. प्रत्यक्ष प्रयोगात नदीचे पाणी गाळून, हवेचा पंप लावून, त्याचे तापमान, प्राणवायू, सामू आणि अमोनिया स्वच्छ पाण्याच्या टाकीशी जुळवून घ्यावेत. त्यासोबत स्वच्छ पाण्याची एक टाकीमालिका ठेवावी, आणि समितीची मान्यता असेल तर इस्ट्रोजेनची ज्ञात मात्रा दिलेली दुसरी ठेवावी, जेणेकरून तुमचे मासे आणि तुमची पद्धत असा परिणाम दाखवू शकतात हे सिद्ध होईल. पाणी आणल्याची तारीख, घाट आणि वेळ लिहावी, कारण पावसाळ्यातील पंचगंगा आणि मे महिन्यातील पंचगंगा यांचे पाणी एकसारखे नसते. प्रयोगातील जिवंत मासे नदीत किंवा रंकाळ्यात कधीही सोडू नयेत, आणि इस्ट्रोजेन मिसळलेले पाणी बेसिनमध्ये न ओतता सक्रिय कोळशातून गाळून संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावे.